कारण, एका ओळीत

पेसमेकर बसवण्याआधी आमचे डॉक्टर कागदावर एक ओळ लिहीत. हे यंत्र या माणसाला कशासाठी, याचे कारण. ते मराठीत, आणि घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवता येईल असे. ओळ जमली नाही तर शस्त्रक्रिया होत नसे. नागपुरात सीताबर्डीजवळच्या त्यांच्या रुग्णालयात त्यांना मागून 'काहूनवाले डॉक्टर', म्हणजे 'का?' विचारणारे डॉक्टर, म्हणत. सहकाऱ्यांना ही पद्धत जाचक वाटे.

मी त्यांना प्रथम बातमीसाठी भेटलो. हृदयरोगतज्ज्ञ नवे यंत्र का स्वीकारतात, हा विषय होता. समोर पेसमेकर बनवणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी चकचकीत पुस्तिका उघडून बसला होता.

"तुह्या बापाले लावशील का गा हे?" डॉक्टरांनी विचारले.

"हो सर."

"त्याले त्रास काय आहे?"

"काहीच नाही, सर."

"मंग लावतो काहून?"

मी हसलो, प्रतिनिधीही हसला. डॉक्टर हसले नाहीत. तो गेल्यावर म्हणाले, "त्याच्यावर नाही, माह्यावरच संशय आहे मले. नवं यंत्र हाती आलं का समोरचा प्रत्येक माणूस त्याचाच पेशंट दिसते." हे छापू का, असे मी विचारले. "छाप. पण माह्या नावानं."

पुढे माझे वडील त्यांचे रुग्ण झाले. कोराडीच्या वीज केंद्रातले निवृत्त वायरमन. घेरी येई, नाडी मंद होती. दुसऱ्या डॉक्टरांनी पेसमेकरची तारीखही दिली होती. यांनी घरातली सगळी औषधे आणायला सांगितली, पिशवी टेबलावर उलटी केली आणि एकेक गोळी पाहिली. ओळ काही लिहीनात. शेवटी विचारले, "काका, डोळ्यात काही टाकता?"

"टाकतो ना, काचबिंदूचे थेंब. पण ते डोळ्यातच राह्यते."

"हे तुम्हाले थेंबानं सांगतलं का?"

डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी थेंब बदलून घेतले. थेंब रक्तात उतरत होते, नाडी त्यांनीच मंदावली होती. घेरी थांबली. पेसमेकरच्या तारखेला वडील बाजारात संत्री निवडत होते.

मागच्या वर्षी डॉक्टर वारले. काही महिन्यांनी वडील अंगणात कोसळले. डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेल्या डॉक्टर बाईंनी तपासण्या करून पेसमेकर सांगितला. वडील अडून बसले. "डॉक्टर असते तर लावू दिलं नसतं." मलाही तसेच वाटत होते.

बाईंनी वाद घातला नाही. पिशवी मागवली, उलटी केली, थेंबांची बाटलीही वाचली. मग कागद ओढून लिहिले आणि वाचून दाखवले: "औषधांचा दोष नाही, हृदयाचा ठोका मधेच थांबतो, म्हणून."

वडिलांनी चष्मा लावून ओळ स्वतः वाचली.

"काहून थांबते?"

"आतली वायर झिजली, काका. वरून निघालेला करंट खाली पोचत नाही."

वडिलांनी संमतीपत्रावर सही करायला पेन मागितले.

"लावा," ते म्हणाले. "डॉक्टरांनीही लावलं असतं."