रोहूचं तपकिरी रक्त

गोपिका नागपुरात धंतोलीतल्या एका लॅबमध्ये पेशंटचं रक्त काढते. माहेरी खाप्याला गेली, की काकू-मावश्यांचं शुगर तपासायचं रक्तही तिलाच घेऊन यावं लागतं, म्हणून सिरिंजा कायम पिशवीत.

त्या रविवारी मात्र घरात कोणी नव्हतं. धाकटा भाऊ ऋषिकेश आपल्या मासळीच्या तळ्याकाठी उकिडवा बसलेला. रोहू वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. चार-पाच उलटे तरंगत होते. पाण्यात हवा घुसळणारं यंत्र घरघरत होतं.

"कालपासून चालू हाये ताई, तरी दम लागूनच राह्यला त्याइले," म्हणत त्यानं मूठभर खाद्य फेकलं.

"दम लागलेल्याले कोणी जेवाले वाढते काय गा?"

"मंग उपाशी मारू? बोटाएवढे होते तवापासून माह्या हातचं खाऊन राह्यले. तू तुह्या सुया टोच."

"आण मंग एक."

ओल्या पंच्यात गुंडाळलेला रोहू त्यानं धरला. गोपिकानं शेपटीखालची शीर चाचपली. माणूस निदान हात तरी स्थिर ठेवतो. दोनदा सुई हुकली. तिसऱ्यांदा सिरिंजमध्ये रक्त आलं, ते चॉकलेटच्या रंगाचं.

तिनं नागपुरात मासळीचं शास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीला, भैरवीला, स्पीकरवर फोन लावला.

"खाद्य जास्त पडत असेल," भैरवी म्हणाली. "ते सडून पाण्यात नायट्राइट वाढतं आणि रक्तात शिरतं. मग पाण्यात हवा असूनही रक्ताला ती धरता येत नाही. खाद्य बंद. थोडं पाणी बदला, मीठ टाका, मिठानं ते रक्तात शिरणं अडतं. किती टाकायचं ते पाणी तपासून सांगते, बाटली पाठवा."

"मीठ?" ऋषिकेश म्हणाला. "कढईत जायच्या आधीच?"

पाण्याची बाटली दुपारीच नागपूरला गेली. संध्याकाळी भैरवीनं सांगितलं तेवढं मीठ तळ्यात पडलं. तरी ऋषिकेशचा हात खाद्याकडे वळायचाच. शेवटी गोपिका खाद्याच्या पोत्यावरच बसली.

"ऊठ वं ताई."

"नाही उठत."

"लॅब नाही काय तुले उद्या?"

"सुट्टी सांगितली."

सोमवारी आणखी तीन मेले. ऋषिकेशनं ते तिच्या पुढ्यात आणून ठेवले. मंगळवारी सकाळी वर येणारी तोंडं कमी दिसली, तेव्हा त्यानंच एक रोहू पंच्यात धरून आणला. गोपिकानं सुई घातली. रक्त लाल होतं, जरा काळपट, पण लाल.

ऋषिकेशनं सिरिंज उन्हाकडे धरून पाहिली.

"अजून एकाचं काढ," तो म्हणाला आणि दुसरा रोहू धरायला पाण्यात उतरला.