अक्षरांचा पट, चित्रांचा पट

"आता त्या पोरीची काही गरज नाही पडत, सर. बाणाची बटनं दाबायची, झालं."

मी दाराबाहेर वाकून सँडलचा पट्टा सोडत होते. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, असा तेव्हा सगळीकडेच नियम होता. धुळीने मशीन बिघडतं म्हणायचे. दाराला जाड पडदा होता, त्यामुळे मी आल्याचं आत कुणाला कळलं नव्हतं. एक सँडल पायात, एक हातात, अशी मी तिथेच थांबले.

बोलणारे सेक्रेटरी होते. सदर भागातली ती कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट त्यांचीच, आणि बुद्धिबळाच्या क्लबचा कारभारही तेच बघत. रविवारी वर्ग नसत, म्हणून क्लब तिथे भरायचा. उन्हाळ्यात हजेरी वाढायची, ती खेळाच्या ओढीने की एसीच्या, हे कुणी विचारत नसे. ते ज्यांच्याशी बोलत होते ते सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, क्लबातले सर्वांत जुने खेळाडू. आणि 'ती पोरगी' मी. मी त्याच इन्स्टिट्यूटमध्ये शिकत होते, टायपिंग बरं होतं, म्हणून रविवारी मला मशीनवर बसायला बोलावत. क्लबात दुसरी एकही बाई नव्हती. वडिलांनी परवानगी दिली तीही तेवढ्यापुरतीच: "काम असेल तर जा. नुसतं पुरुषांत बसायला जायचं कारण नाही."

क्लबातले लोक मशीनशीही डाव खेळत. त्याच्या आधीच्या प्रोग्राममध्ये पट म्हणजे ठिपके आणि इंग्रजी अक्षरं. राजाचं एक, घोड्याचं एक. मोहरा कुठल्या घरातून उचलला आणि कुठल्या घरात ठेवला, ते टाइप करावं लागे. सरांना ते जमत नसे. त्यांच्या पिढीला घरं आपापल्या बाजूने मोजायची सवय. काळे मोहरे घेतले की त्यांचं दुसरं घर म्हणजे मशीनचं सातवं. एकदा मी यायच्या आधी त्यांनी स्वतःच राजाचं प्यादं टाइप केलं, आपल्या बाजूने मोजून. मशीनने नुसता बीप केला. पुन्हा केलं, पुन्हा बीप. मी पोचले तेव्हा ते खुर्ची मागे सरकवून बसले होते. "हे मले खेळूच देऊन नाही राहिलं," म्हणाले. तेव्हापासून ते चाल बोलत, आणि मी ती मनात उलटी करून टाइप करत असे.

त्या पटाखाली एक बारीक ओळ होती. मशीनचा विचार चालू असताना पुढच्या काही चाली तिथे उमटत, पुसल्या जात, दुसऱ्या येत. बाकी सगळे तोवर चहा पीत. मी ती ओळ वाचायची. आमच्या घरी कुणी बुद्धिबळ खेळत नव्हतं. मी जे काही शिकले ते त्या ओळीवरून. मशीन काय खेळणार हे आधी मनाशी ठरवायचं, मग बघायचं. बरोबर आलं की चेहरा सरळ ठेवायला मला फार कष्ट पडत. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी मराठीत तोंड उघडलं की कुणीतरी "कॉन्व्हेंट!" म्हणून हसायचं. गप्प राहणं सोपं होतं.

त्या पावसाळ्यात आमच्या फ्लॉपीला बुरशी लागली आणि ती वाचेनाशी झाली. सप्लायरने दोन फ्लॉप्या बघायला दिल्या: एक तशाच अक्षरांच्या पटाची, दुसरी रंगीत चित्रांची. एक ठेवायची, एक परत करायची. कोणती, ते त्या दिवशी ठरणार होतं.

मी दुसरी सँडलही काढली आणि आत गेले.

"या, मॅडम! तुमचीच वाट पाहून राहिलो," सेक्रेटरी मोठ्याने म्हणाले.

चित्रांचा पट खरोखर देखणा होता. तिरपा, जणू आपण खुर्चीत बसून समोरच्या टेबलावर बघतो आहोत. बाणाच्या बटनांनी एक चौकट सरकवायची आणि स्पेस बार दाबायचा. सर माझ्या खुर्चीत बसले होते. मी त्यांच्या मागे उभी राहिले. हात कुठे ठेवावे कळेना. त्यांनी चौकट एका घोड्यावर नेली, बटन दाबलं, आणि घोडा उडी मारून गेला. सर हसले. इतक्या दिवसांत त्या मशीनसमोर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"हे बरं आहे गा," ते म्हणाले. "कोणाले सांगा नाही लागत, काही नाही. आपला हात, आपला मोहरा."

पटाखाली ती ओळ नव्हती. मी दोनदा शोधली.

थोड्या वेळाने मशीनच्या हत्तीने सरांचा उंट खाल्ला. तो हत्ती पार मागच्या रांगेत, वजिराच्या आड उभा होता. तिरप्या पटावर त्याचं नुसतं टोक दिसत होतं.

"हा कुठून आला बाप्पा? मले तर दिसलाच नाही!"

"चष्मा बदला, सर," सेक्रेटरी म्हणाले.

मला हायसं वाटलं. आता सर स्वतःच नको म्हणतील, मला काही बोलावं लागणार नाही. पण ते पडद्यावर आणखी वाकले. "सवय होईन," म्हणाले. "चार-सहा डावांत होते सवय."

आणि पुढची चाल खेळले, स्वतःच्या हाताने.

डाव संपल्यावर सेक्रेटरींनी दोन्ही फ्लॉप्या टेबलावर ठेवल्या. "माझं मत चित्राचं. सर?"

सर माझ्याकडे वळले. "हिले विचार ना. वर्षभर मशीनवर तर हेच बसून राहिली. सांग वं पोरी, कोणती ठेवाची?"

माझ्याकडे उत्तरं तयार होती. तिरप्या पटावर मागचं झाकतं. अक्षरांचा प्रोग्राम आपला विचार दाखवतो, त्यातून शिकता येतं. दोन्ही खरी होती, आणि इंग्रजीत तर मी ती अगदी नीट मांडली असती. पण सरांची बोटं अजून बाणांच्या बटनांवर होती, आणि त्यांच्यासाठी कोणती बरी हे मला दिसत होतं. मी कुठलंही कारण दिलं असतं तरी ते माझ्याच सोयीचं होतं, हे निदान मला तरी ठाऊक होतं. सेक्रेटरींनी चित्रांचीच ठेवायची असं धरून ती फ्लॉपी कव्हरात घालायला उचलली.

"चित्रांची तुमच्यासाठी चांगली आहे, सर," मी म्हणाले. "पण ती ठेवली तर मला इथे येता येणार नाही. घरून सोडणार नाहीत. आणि मला यायचं आहे."