विहीणबाईंची पंधरा मिनिटं

रुसण्याचा परवाना घेऊनच विहीण जन्माला येते, असं आमच्या नात्यागोत्यात सगळे धरून चालतात. पण बोरी अरबच्या आमच्या विहीणबाई आयुष्यात एकदाच रुसल्या, आणि तेही एका मधमाशीवरून. आमच्या लेकीच्या, मनीषाच्या लग्नात मानाचं पातळ फिकं निघालं, पंगतीत जिलबी संपली, पण त्यांचा चेहरा हसराच. त्या मोठ्या मनाच्या म्हणून आम्ही गहिवरलो. पुढे कळलं की त्यांचं लक्षच नव्हतं. त्या मांडवाच्या झेंडूवर काय काय बसतंय ते मोजत होत्या.

झालं होतं असं, की यवतमाळच्या कॉलेजातले एक सर गावात आले आणि फुलांवर येणारे किडे मोजायला हौशी माणसं हवीत म्हणाले. फुललेल्या झाडापुढे पंधरा मिनिटं न हलता बसायचं, जो येईल त्याची नोंद करायची आणि कागद पाठवायचा. गावानं माना डोलावल्या आणि गाव घरी गेलं. विहीणबाई तेवढ्या तुरीत जाऊन बसल्या. त्या अजून उठलेल्या नाहीत, असं आमचे व्याही म्हणतात. किड्यांची पुस्तकी नावं लक्षात राहीनात, म्हणून त्यांनी घरातलीच वापरली. मोठ्यानं घूं करत येणारा, प्रत्येक फुलात डोकावणारा आणि कुठंच न टेकणारा काळा भुंगा म्हणजे त्यांच्या मोठ्या नणंदबाई. अंगावर पट्टे मधमाशीचे पण मधाचा पत्ता नाही अशी एक माशी असते, ती धाकटे दीर. पहिल्याच कागदावर ‘नणंद तीन, दीर अकरा’ वाचून सरांनी काळजीनं फोन केला, “काकू, हे सगळे फुलांवर बसले होते?”

“दीर बसले जी,” विहीणबाई म्हणाल्या, “पण नणंद कुठी बसते का!”

दसऱ्याला तर त्यांनी दारव्ह्याची बस अडवली. बसच्या तोंडाला झेंडूचा हार होता आणि हारावर माश्या होत्या. एवढं कारण त्यांना पुरलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. “वाजवू नका जी, माशी उडते,” म्हणून त्यांनी त्यालाच दटावलं. कंडक्टर भांडायला खाली उतरला आणि पाचव्या मिनिटाला “मावशी, ती मागची धरली का?” असं विचारू लागला. खिडक्यांतून माना बाहेर काढून अख्खी बस मोजत होती. बस सुटली तेव्हा दोघा उतारूंची आकड्यावरून जुंपली होती.

अशा बाईच्या अंगणात मनीषाचं डोहाळजेवण होतं. लेक शेवंतीच्या दागिन्यांनी मढून चौरंगावर बसली होती, बायका ओटी भरायला उभ्या होत्या, आणि एक मधमाशी आली ती थेट मनीषाच्या बाजूबंदावर. “हलू नको वं!” विहीणबाई कडाडल्या. मनीषा थिजली. ओट्या हवेत थांबल्या. गाणाऱ्या बायका ओळीच्या मधेच गप्प झाल्या. खऱ्या नणंदबाई पेटलं निरांजन धरून खांबासारख्या उभ्या. विहीणबाई समोर पाटावर बसून कागदावर रेघा ओढत होत्या. बाराव्या मिनिटाला माशी लेकीच्या कानाशी गेली. बापाचा जीव; मी टॉवेल फिरवला.

माशी उडाली. “तीनच मिन्टं राह्यली होती, इवाई,” विहीणबाई हळूच म्हणाल्या. इवाई म्हणजे व्याही. मग त्या आत गेल्या आणि दाराला कडी लावली. अंगणात पंगत खोळंबली. बायकोनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती लग्नानंतर दुसऱ्यांदाच पाहिली. मी दाराशी जाऊन माफी मागितली.

“माफीचा रकाना नाही,” आतून आवाज आला. “अडथळ्याचा आहे. काय लिवू?”

“माझं नाव लिहा.”

थोड्या वेळानं कडी निघाली. कागदावर लिहिलं होतं, ‘अडथळा : इवाई, टॉवेलासकट.’ पंगत बसली. पण विहीणबाईंनी घास घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर मी गुमान त्यांच्यामागे शेतात गेलो. तूर पिवळीधमक फुलली होती. त्यांनी पोतं अंथरलं, अर्धं मला दिलं.

“माशीचं काय घेऊन बसता,” त्या एकदम म्हणाल्या. “माशा मले रोज भेटतात. मनीषा आली अन् घरात पाय ठरत नाही तिचा. आज हे, उद्या ते. आता तुम्ही तिले बाळंतपणाले घेऊन जासान. मंग ते दोघं नवराबायको नोकरीपायी पुण्याले जातीन. काल पहिल्यांदा माह्यासमोर निवांत बसली होती. म्हटलं, पंधरा मिन्टं तं पाहून घेऊ.”

समोरच्या फुलावर एक मधमाशी येऊन बसली. “विहीणबाई, आली,” मी म्हणालो. “दिसली,” त्या म्हणाल्या, पण पेन्सिल हलली नाही. त्या पदरानं डोळे पुसत होत्या. मी पेन्सिल त्यांच्या हातातून घेतली आणि एक रेघ ओढली.

मनीषाला त्या दिवशी घेऊन निघायचं ठरलं होतं. आम्ही आणखी चार दिवस राहिलो. का म्हणून बायकोनं विचारलं, तर मी म्हणालो, तुरीचा बहर चालू आहे.