आमच्या दिवाणखान्यातली क्रांती

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेल्या रविवारी एका परक्या देशात क्रांती झाली आणि ती पुण्यात, आमच्या दिवाणखान्यात, पोहे खाता खाता पार पडली.

तो देश रीमाचा. ही आमच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू; इथे शिकायला आली आणि माझ्या बायकोकडून मराठी शिकली. तिची आई सकाळपासून फोन उचलत नव्हती, म्हणून ती आमच्या टीव्हीसमोर येऊन बसली होती.

पडद्यावर माणसंच माणसं धावत होती.

"हे कोणाच्या मागे धावतायत, की कोणापासून पळतायत?" मी विचारलं.

"काका, मलाही कळत नाहीये."

बायकोने मला डोळ्यांनीच गप्प केलं. पण माझा गोंधळ खरा होता. इतक्या लांबून घोषणा देणारं तोंड आणि किंकाळी फोडणारं तोंड सारखंच दिसतं. एक म्हातारा डोळे पुसत होता, तो आनंदाने की अश्रुधुराने, कोण सांगणार? दुसऱ्याच्या देशासाठी टाळी वाजवायची, तर नेमकी कधी?

मग हुकूमशहा पळाल्याची बातमी आली आणि लोक राजवाड्यात शिरले. कॅमेरा थेट त्याच्या शयनगृहात पोचला. तिथल्या अवाढव्य पलंगावर एक बाई ऐसपैस बसून उशी चेपून बघत होती.

रीमा ताडकन उठली. तिने पडद्याला हात लावला, हसली, रडली आणि चक्क मराठीत ओरडली, "आई, अगं चपला तरी काढ!"