बाईंचं रीडिंग

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी आयुष्यात एकही गोष्ट नुसती ऐकून खरी मानली नाही. मुख्याध्यापकांनी सभेत सांगितलं, की पाण्याची टाकी सुट्टीत धुऊन घेतली आहे. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी बाई आठवीच्या चार मुलींना घेऊन शिडीनं गच्चीवर. टाकीत आधी पारव्याचं पीस निघालं, मग पारवाही निघाला. तो वर्तमानपत्रावर ठेवून त्यांनी मुख्याध्यापकांच्या टेबलावर आणला आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "सर, हा धुवायचा राहिला."

त्या आम्हा शिक्षकांना विषयाच्या नावानं हाक मारत. "भूगोल, जरा सरका." "अहो मराठी, डब्यात काय आहे?" यातली मराठी म्हणजे मी. त्यांच्या पर्समध्ये कंगव्याऐवजी पेचकस, चुंबक आणि लिटमसचे कागद असत, आणि एकदा तर ओल्या फडक्यात गुंडाळलेली गांडुळं निघाली होती. वर्गातला पंखा बंद पडला, तर शिपाईमामा इलेक्ट्रिशियनला फोन लावेपर्यंत पोरांनी बाईंच्या देखरेखीखाली त्याची हाडं वेगळी केलेली असत. जोडताना दोन स्क्रू हमखास उरत. "कंपनीनेच जास्तीचे घातले होते," असं म्हणून बाई ते पर्समध्ये टाकत, आणि पंखा निमूटपणे फिरू लागे. सहली इतर शाळांच्या वॉटरपार्कला जात. आमची भंगाराच्या दुकानात, द्राक्षबागेत नाहीतर मनमाडला जाई. मनमाडच्या फलाटाच्या टोकाला उभं राहून सिग्नल कसा बदलतो हे समजावताना बाई इतक्या रंगल्या, की नाशिकची गाडी त्याच सिग्नलवरून निघून गेली. पुढच्या गाडीपर्यंत पोरांनी तीन मालगाड्यांची चाकं मोजली. पालक चिडले, पण पोरं अजून तीच सहल सांगतात.

आणि त्यांचा वेंधळेपणा! दाराच्या चौकटीला खांदा, टेबलाच्या कोपऱ्याला गुडघा, बाजूला ठेवलेल्या चहाच्या ग्लासाला कोपर, हे रोजचंच. पंचवटी कारंज्यापाशी एकदा त्यांनी कोथिंबिरीच्या हातगाडीवर स्कूटर घातली आणि रस्त्यात बसून जुड्या गोळा करता करता गाडीवाल्यालाच विचारलं, "तुम्ही कुठून उगवलात हो?" हा किस्सा स्टाफरूममध्ये महिनाभर पुरला. स्नेहसंमेलनात शिक्षकांच्या नकला झाल्या, तेव्हा बाईंची नक्कल मी केली. पर्स सावरत स्टेजवर आले आणि सरळ माइकवर जाऊन आदळले. सभागृहात हशा पिकला. सगळ्यात जास्त हसल्या त्या स्वतः बाई.

त्यानंतरच्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीच्या मुलांनी नजरेचा कोन मोजायचं यंत्र केलं. यंत्र कसलं, प्लायवूडचं अर्धवर्तुळ. त्यावर अंशांच्या खुणा आणि पुढे मधोमध एक खिळा; खिळ्यापाशी शून्य, दोन्ही कडांना नव्वद. खिळ्याकडे बघत बसायचं. दुसऱ्यानं बाटलीचं लाल झाकण बाजूनं कडेकडेनं पुढे आणायचं. डोळे न हलवता झाकण दिसलं, की सांगायचं. सगळ्या वर्गाची रीडिंग झाली, सगळी नव्वदच्या आसपास. मखमलाबादहून येणारी, झेंडूवाल्यांच्या घरातली एक मुलगी वही घेऊन आकडे लिहीत होती. ती म्हणाली, "बाई, तुमचं राहिलं."

बाई ऐटीत बसल्या. मी वह्यांचा गठ्ठा घेऊन दारात उभी होते. झाकण निघालं. साठ अंश झाले, पन्नास झाले, बाई गप्प. "बाई झोपल्या!" असं एक पोरगं म्हणालं आणि वर्ग हसला. झाकण जवळजवळ समोर आलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "दिसलं." पुन्हा घेतलं. मग दुसऱ्या बाजूनं घेतलं. आता हसत कुणीच नव्हतं.

"बाई, तुमचं लय कमी येतंय," ती मुलगी म्हणाली.

"किती?"

"चुकलं असंल बाई. मी ऐंशी लिहू का?"

बाईंना चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "जे आलं तेच लिही!"

डावीकडे पस्तीस, उजवीकडे वीस. लिहिताना त्या मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाईंनी प्लायवूडवरच्या खुणा बोटानं चाचपल्या. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आता सांगा, यंत्र चुकलंय की बाई?"

"यंत्र!" सगळा वर्ग ओरडला.

"मग एकाचं परत घेऊन बघा."

परत घेतलं. ते बरोबर आलं.

डोळ्यांच्या दवाखान्यात मी सोबत गेले होते. काचबिंदू निघाला, तोही बऱ्याच वर्षांचा. गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी राहिलेली टिकली तर टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग विचारलं, "इतक्या दिवसांत कुठे धडकणं, ठेचकाळणं, असं काही होत नव्हतं?"

"व्हायचं की," बाई म्हणाल्या. "पण मला वाटायचं, मी वेंधळी आहे. सगळेच तसं म्हणायचे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

स्कूटर गेली. ती मुलगी कितीतरी दिवस बाईंच्या समोर यायला घाबरायची, एकदा तिनं हुंदके देत विचारलं, "मी मोजलंच नसतं तर?" बाई म्हणाल्या, "तर मी एखाद्या दिवशी कुणाला तरी स्कूटरखाली घेतलं असतं. गप रड आणि मग डबा खा." थेंब नियमित घालूनही नजर टिकली नाही. दोन वर्षांनी अंजनेरीच्या डोंगरावर गिधाडं बघायला सहल नेली, तेव्हा उतरताना बाईंची पायरी चुकली आणि मनगट मोडलं. पोरांनी त्यांना उचलून खाली आणलं. संस्थेनं सहलीच बंद केल्या. कुणी काही बोलायच्या आत बाईंनी राजीनामा लिहून दिला. प्रयोगशाळेच्या खोलीत आता संगणक आहेत. छान, गार खोली आहे. पोरं एका ओळीत बसून पडद्यावर प्रयोग बघतात.

बाई मनमाडला भावाकडे राहतात. उजेड आणि अंधार एवढंच कळतं. दर रविवारी मी फोन करते. नकलेबद्दल माफी मागायची असं दर वेळी ठरवते, आणि दर वेळी बाईच आधी बोलतात, "मराठी, खिडकीत उभ्या राहा. काय दिसतंय?"

पहिल्यांदा मी सुरुवात केली, "आभाळ कसं निळ्या पैठणीसारखं..."

"उपमा नकोत हो. आहे ते सांगा."

तेव्हापासून आहे तेच सांगते. समोरच्या गच्चीत तीन चादरी वाळताहेत, दोन निळ्या, एक पिवळी. पिवळीचं एक टोक सुटलंय. शेजारच्या कठड्यावर कावळा आहे. लंगडतोय.

"कोणत्या पायानं?" त्या विचारतात.

ते मी पाहिलेलंच नसतं. "थांबा हं, बघते," मी म्हणते आणि खिडकीतून वाकते. पलीकडे बाई फोन कानाशी धरून थांबून राहतात.