स्कूटरवर मावणारा ॲम्प्लिफायर

आमच्या कामगारांच्या ऑर्केस्ट्राला ज्याचा टेम्पो मिळायचा, त्याला चाकणकडे कायमचं काम लागलं आणि माझ्या गिटारवर गदा आली. गिटार इलेक्ट्रिक, तिचा ॲम्प्लिफायर जुना, जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा. इतका जड, की उचलणारा आधी कोणी मदतीला आहे का ते बघून घ्यायचा. ऑर्केस्ट्रा बसवणारे आमचे मास्तर फाउंड्रीत होते आणि ॲकॉर्डियन वाजवायचे. त्यांनी सरळ सांगून टाकलं, "आता स्कूटरवर मावंल तेवढंच वाद्य. न्हाई मावलं तर गिटारीबिगर करू."

गिटारीवाचून कार्यक्रम होतो, हे मलाही ठाऊक होतं. म्हणूनच धास्तावलो. दिवसभर मी कारखान्याच्या इन्स्पेक्शन विभागात दुसऱ्यांनी केलेले सुटे भाग पास-नापास करत असे. माझं स्वतःचं म्हणावं असं जे काही होतं, ते गाण्यांमधल्या, गिटारने एकटीने वाजवायच्या चार-दोन तुकड्यांत होतं. त्या तुकड्यांसाठी पायाखाली दोन पेडलं लागायची. एक फझ, आवाज खरखरीत करणारं. दुसरं वाह, पाय हलवला की सूर तोंड उघडल्यासारखा मोकळा करणारं.

नवा ॲम्प्लिफायर निवडायला पुण्याला गेलो, तो विभागातल्याच एका मित्राला घेऊन. दोन इन्स्पेक्टर दुकानात शिरले की दुकानदाराचं काय होतं ते विचारू नका. ट्रान्झिस्टरचा एक छोटा ॲम्प्लिफायर पसंत पडला. एका हाताने उचलून पाहिला, स्कूटरवर पुढे ठेवून पाहिला, तापतो का पाहिलं, ठोकून खडखडतो का ते ऐकलं. फझ लावून वाजवलं: पास. फझ काढून वाह लावलं: पास. कारखान्यात आम्ही एकेक भाग वेगळा तपासायचो, जोडणी हे असेंब्लीवाल्यांचं काम. ती सवय अशी अंगात मुरलेली, की दोन्ही पेडलं एकदम लावून बघावीत हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. दुकानदाराने चहा पाजला, बहुधा आम्ही एकदाचं जावं म्हणून.

चिखलीच्या कार्यक्रमात माझा तुकडा आला आणि मी दोन्ही पेडलं लावली. ॲम्प्लिफायरने अशी किंकाळी फोडली, की पुढच्या बायकांनी पोरांचे कान झाकले. फझचा जोर त्या ट्रान्झिस्टरला पेलवत नव्हता आणि वाह आगीत तेल ओतत होतं. जुना व्हॉल्व्हवाला हे सगळं मुकाट पचवायचा. मास्तरांनी माझ्याकडे न बघता माझा तुकडा ॲकॉर्डियनवर वाजवून टाकला. चांगला वाजवला. त्याचंच जास्त लागलं.

पुढच्या, चिंचवडच्या कार्यक्रमाला मी गेलोच नसतो. डोकं दुखतंय असं बायकोला सांगून पडून राहिलो होतो. दुपारी दारात मास्तर आणि ढोलकीवाला, हातात एक लांब पाइप. फाउंड्रीत जड कास्टिंग नेतात तसा त्यांनी घरात कोपऱ्यात पडलेला माझा जुना ॲम्प्लिफायर दोराने पाइपला टांगला.

"मास्तर, चिंचवडपर्यंत असं चालत?" मी विचारलं.

"मग काय झालं? तुझा तुकडा वाजवला मी, पर मलाच बरा वाटला न्हाई. ऊठ, पेडलं घे."

मी उठलो. पेडलं पिशवीत टाकली, गिटार पाठीला लावली आणि पाइपला खांदा द्यायला पुढे झालो, तर मास्तर खेकसले, "तू हात लावू नगंस. बोटं सांभाळ." मग दोघांनी पाइप खांद्यावर घेतला आणि मी मोकळ्या हातांनी त्यांच्या मागून चालू लागलो.