लाल्याशी बोलणारे भासरे

आमचे भासरे माणसांशी कमी आणि ट्रॅक्टरशी जास्त बोलत. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्या घरात भासऱ्यांनी भावसुनेशी बोलायचं नाही, भावसुनेनं त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आणि एकमेकांना शिवायचं तर मुळीच नाही, अशी रीत होती. पुष्कळ घरांतून ती आता उठली आहे. आमच्याकडे सासूबाई होत्या, त्यामुळे ती उठायला धजली नाही. दरेकशाच्या अलीकडे, जंगलाला लागून असलेल्या गावात मी लग्न होऊन आले, तेव्हा हा उंच, काळासावळा, पांढऱ्या भुवयांचा माणूस मला सपरीतल्या, म्हणजे ओसरीतल्या, खांबासारखा वाटला होता. घरात आहे, पण बोलत नाही.

त्यांचा धंदा झाडं पाडायचा. जंगलातली नव्हे, लोकांच्या दारातली. कुणाच्या कौलांवर कललेला निंब, कुणाच्या विहिरीवर वाकलेली चिंच, कुणाच्या बांधावर वाळून उभं राहिलेलं झाड. आदल्या दिवशी संध्याकाळी ते एकटे जाऊन झाडाच्या बुंध्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, “उद्या येतो, बा.” लोक हसत. भासऱ्यांना त्याचं काही नव्हतं. “पाव्हण्याच्या घरी सांगून जातो, मंग याच्या दारात न सांगता कायले जावं?” एवढंच म्हणत.

“झाड पाडाचं नसते, निजवाचं असते,” हे त्यांचं नेहमीचं. आधी सुतळीला दगड बांधून तो वरच्या फांदीवरून फेकायचा, सुतळीमागून जाड दोर वर न्यायचा. दोराचं दुसरं टोक सरळ ट्रॅक्टरला बांधायचं नाही, कारण मग झाड ट्रॅक्टरवरच यायचं. लांबच्या एखाद्या झाडाच्या बुडाशी कप्पी बांधायची, दोर तिच्यातून वळवायचा आणि ट्रॅक्टर बाजूला उभा करायचा, झाडाचा शेंडा पोचणार नाही इतका दूर. मग ज्या अंगाला झाड निजवायचं त्या अंगाला खाच, मागून आरी, आणि मध्ये थोडं लाकूड राखायचं. त्या लाकडाला ते बिजागरी म्हणत. दोर तेवढ्यात ताणत जायचा, हिसका न देता. धानाच्या चिखलणीसाठी घेतलेला आमचा छोटा लाल ट्रॅक्टर या कामात मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा शहाणा ठरला. त्याचं नाव भासऱ्यांनी बैलासारखं लाल्या ठेवलं होतं.

लाल्यावर आधी माझा नवरा बसायचा. त्याला कोहमाऱ्याला ट्रकवर ड्रायव्हरची नोकरी लागली आणि तो आठ-आठ दिवस बाहेर राहू लागला. शेतातलं धान आणण्यासाठी मी ट्रॅक्टर शिकले होतेच. तेव्हा झाडाच्या कामालाही मीच जायचं ठरलं. पण आरी चालवणारा भासरा आणि ट्रॅक्टर चालवणारी भावसून एकमेकांशी बोलणार कसं? सासूबाईंनी तोड काढली. त्या छत्री घेऊन सोबत यायच्या, दोघांच्या मधोमध पण लांब बसायच्या आणि इकडचं तिकडे करायच्या. “तो म्हणते, दोर ताण.” “सून म्हणते, ताणला.” झाड करकरायला लागलं की त्यांचा आवाज इतका चढायचा की पोपटांचे थवे उठायचे. अख्खं गाव हा तमाशा बघायला येई.

सासूबाई ऐकायला कमी पडू लागल्या तशी भासऱ्यांनी दुसरी वाट धरली. ते थेट लाल्याशी बोलू लागले. “लाल्या, हळू.” “लाल्या, थांब तिथंच.” “वा रे माह्या लाल्या!” मी लाल्याच्या वतीनं गिअर टाकायची. हळूहळू कामापुरतं बोलणं कामाबाहेरही सरकलं. मी उपाशी निघाले असले की ते पुढच्या चाकाकडे बघून म्हणायचे, “आज लाल्याच्या पोटात काई दिसून नाई राहिलं. डबा उघडा म्हणा.” एकदा माहेरून परतल्यावर मी कामावर रडवेली होते, तर ते बोनेटवर हात ठेवून म्हणाले, “लाल्या, गोठा बदलला का बैल बी चार दिवस चारा खात नाई. मंग खाते.” मी पदराआड हसले. आणि नंतर भांडी घासताना भडकलेही. माझ्याशी दोन शब्द बोलायला या घरात ट्रॅक्टर लागतो! चार भिंतींत कोंडलेलं माणूस निदान भिंतीवर डोकं तरी आपटू शकतं. इथं भिंत दिसतच नव्हती, आणि जिकडे वळावं तिकडे ती होतीच.

त्या दिवशी शेजारच्या गावात एका शेतकऱ्याच्या बांधावरचा वाळका सिरस पाडायचा होता. धान निसवलं होतं, बांध अजून ओले होते. सासूबाईंना ताप होता, त्या घरीच राहिल्या. सगळं नेहमीसारखं झालं, पण सिरसाचं बूड आतून वाळवीनं खाल्लेलं निघालं. बिजागरी एका अंगानं आधी तुटली, झाड फिरलं आणि पडता पडता शेजारच्या मोहाच्या बेचक्यात जाऊन अडकलं. बुंधा खाली खोडाच्या थोटकावर टेकलेला, शेंडा वर मोहात. असं अडकलेलं झाड सगळ्यांत वाईट. भासरे अशा झाडाखाली कुणाला उभं राहू देत नसत. बुंध्याला बाजूनं दोर घालून ते लांबून मागं ओढायचं, हा त्यांचा नियम. दोर घालायलाच ते वाकले आणि बुंधा थोटकावरून घसरला. त्यांचा पाय गुडघ्याखाली बांधाच्या चिखलात दाबला गेला. शेतकरी किंचाळला आणि माणसं आणायला गावाकडे पळाला. गाव दोन नाल्यांपलीकडे.

मी लाल्यावरून उतरले. वर मोहाचं बेचकं कुरकुरत होतं. ते तुटलं असतं तर सगळं झाड भासऱ्यांच्या छातीवर बसलं असतं. त्यांच्या तोंडावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते, आणि एवढं होऊनही ते बघत होते लाल्याकडेच. “त्यायले... लाल्याले सांगा, बंद नोको करू,” ते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. किती वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर आलं. मी ओरडले, “कोणाले सांगू? इथं कोणी नाई! मीच आहो!”

त्यांनी मान वळवली. पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे सरळ बघितलं. त्यांचे डोळे पिंगट आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं.

“तं तूच आयक, पोरी,” ते म्हणाले. आणि मग एकेक गोष्ट सांगू लागले, लहान लेकराला घास भरवावा तशी. कप्पी आहे तिथून सोड. पलीकडच्या चिंचेच्या बुडाशी बांध. दोर बुंध्याला माझ्या अंगानं नाही, त्या अंगानं घाल. “माह्याकडं नोको पाहू, वरतं पाह. कुरकुर वाढली का पळजो. माह्यासाठी थांबजो नोको.” मी दोर घातला. गाठ दोनदा सुटली. “घाई कायले करून राहिली?” ते म्हणाले, “मी कुठी जाऊन राहिलो?” अशा वेळीही त्यांना चेष्टा सुचली याचा मला राग आला आणि त्या रागानंच गाठ बसली.

मी लाल्यावर चढले. त्यांनी हात वर केला आणि हळूहळू खाली आणला, तसा मी क्लच सोडला. हिसका बसला असता तर बुंधा त्यांच्यावर लोळला असता. दोर ताठ झाला, कप्पी किंचाळली आणि बुंधा जागचा हलला. अगदी थोडा. त्यांनी मूठ आवळली. मी ब्रेक दाबून अडकवला, चाकाखाली दगड सारला आणि धावले. त्यांचा पाय मोकळा होता, पण त्यांना तो उचलता येईना. मी पाठीमागून त्यांच्या दोन्ही काखांत हात घातले. तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मला तेव्हा कळेना, हे दुखण्यानं की माझा हात लागला म्हणून. मी त्यांना ओढत धानात नेलं, दोघंही चिखलात पडलो, आणि मागं मोहाचं बेचकं फाटल्याचा आवाज आला. सिरस धपकन बसला. जिथं ते होते तिथंच.

पाय वाचला, पण कामाचा राहिला नाही. दवाखान्यातून आणल्यावर सासूबाईंनी दाराबाहेर त्यांच्या डोक्यावर एक तांब्या पाणी ओतलं, माझ्या डोक्यावर एक. झाला तेवढा स्पर्श धुतला गेला. मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस बोलेल. छे! दुसऱ्याच दिवशी सपरीतून आवाज आला, “लाल्याले सांगा, चहात साखर जास्त झाली.” मी चूल फुंकता फुंकता रडले. ज्या तोंडानं मला पोरी म्हटलं, त्याच तोंडाला पुन्हा कुलूप लागलं होतं.

पुढं सासूबाई गेल्या. नवऱ्यानं कोहमाऱ्याला खोली घेतली, आमच्या लेकीला नेऊन तिचं नाव तिथल्या शाळेत घातलं, तो ट्रकवर गेला की शेजारीण तिला बघायची, आणि मी मात्र गावातच राहिले, कारण भासऱ्यांना बायको-लेकरं नव्हती, त्यांचं करायला दुसरं कोणी नव्हतं. कुबड्या घेऊन ते सपरीत, मी आत. दिवसभर एका छपराखाली दोन माणसं आणि अंगणात एक ट्रॅक्टर. त्यांना उठवून बसवायची वेळ आली की ते डोळे मिटायचे, मी तोंड फिरवायची. मी त्यांना जीव लावला होता आणि मला तिथून पळून जायचं होतं, दोन्ही खरं. लेक फोनवर रडली की मला रात्रभर झोप लागत नसे. एका दुपारी मी नवऱ्याशी फोनवर भांडले. “त्यायले टाकून कशी येऊ? मी इथं दबून पडली आहो, मले काई निघता येत नाई!” फोन ठेवला, तेवढ्यात सपरीतली खाट करकरली. त्यांनी कूस बदलली होती.

पुढच्या आठवड्यात सकाळी दारात ऑटो येऊन उभा राहिला. तो मी बोलावला नव्हता. भासरे धुतलेलं धोतर नेसून, कपड्यांचं गाठोडं घेऊन तयार बसले होते. सालेकशाकडे त्यांची विधवा बहीण राहायची, तिच्याकडे निघाले होते. तिथंच त्या वर्षीच्या पावसाळ्यात ते वारले. निरोप आला तेव्हा मी कोहमाऱ्याच्या खोलीत लेकीच्या शाळेचा डबा भरत होते.

पण त्या सकाळी ते ऑटोत बसले, कुबड्या आत घेतल्या, आणि लाल्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. पिंगट डोळ्यांनी, सरळ.

“पोरी,” ते म्हणाले, “मी जाऊन राहिलो. आता तू बी निघ.”

इतकी वर्षं मी याच एका बोलण्याची वाट पाहिली होती. माझ्या मनात सांगण्यासारखं किती होतं! पण माझा हात आपोआप डोक्याकडे गेला, मी पदर पुढे ओढला, तोंड फिरवलं आणि ऑटोवाल्याला म्हणाले, “त्यायले सांगा, सांभाळून जाजा म्हणा.”